निळा डाग : नियम, अधिकारी आणि अर्थ

१

विजय तेंडुलकर यांचे ‘गिधाडे’ हे नाटक १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले, त्या वेळची एक हकीकत मराठी नाट्यवर्तुळात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पितळे कुटुंबातील भावांच्या मारहाणीने बहिणीचा, माणिकचा, गर्भपात होतो आणि तिच्या वस्त्रावर रक्ताचा डाग दिसतो. या लाल डागाला परिनिरीक्षणाच्या टप्प्यावर हरकत घेण्यात आली. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि रंगमंचावर निळा दिसणारा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा, असे प्रयोगापूर्वी सांगण्यात आले. हकीकत एवढीच आहे. ऐकणारा हसतो, आणि त्या हसण्यात कलावंताच्या चातुर्याला दाद व अधिकाऱ्याच्या अरसिकतेची कीव या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

ही हकीकत आता वाङ्मयीन इतिहासाचा भाग झाली आहे. तिचा उल्लेख होतो, पण तिचे वाचन सहसा होत नाही. एखादी गोष्ट विनोदी वाटली की तिचा अर्थ लागला असे मानण्याची सवय समीक्षेलाही आहे. वस्तुतः या छोट्या प्रसंगात नियम, चिन्ह आणि प्रेक्षक यांच्या परस्परसंबंधाविषयीचे काही मूलभूत प्रश्न अडकलेले आहेत. अधिकारी येथे कोणत्या प्रकारचा वाचक आहे? त्याच्या आज्ञेचे अक्षरशः पालन करून तिला हास्यास्पद ठरवणे, ही कृती विरोधाची मानायची की अनुपालनाची? आणि लालाच्या जागी निळा रंग आला तेव्हा कलाकृतीने नेमके काय मिळवले व काय गमावले? या प्रश्नांना सामोरे गेल्यास हकीकतीचा रूढ अर्थ, म्हणजे कलावंताचा विजय, तितकासा निर्विवाद राहत नाही.

२

क्षुद्र अधिकारी, त्याचा निरर्थक नियम आणि त्याच्यासमोर उभा असलेला शहाणा नागरिक हे त्रिकूट भारतीय समाजाच्या दैनंदिन बोलण्यातले एक स्थिर कथासूत्र आहे. कार्यालयाच्या खिडकीपाशी, दाखल्याच्या रांगेत, टपालाच्या किंवा जकातीच्या नाक्यावर घडलेले असे प्रसंग प्रत्येकाच्या संग्रही असतात. मराठी विनोदाने या सूत्राचा समर्थपणे उपयोग केला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये एस. टी.ची धडक बसलेल्या म्हशीच्या निमित्ताने पंचनाम्याच्या रीतीभोवती एक अख्खा प्रवास थांबून राहतो, आणि त्या थांबलेल्या वेळात एक संपूर्ण समाज बोलू लागतो. तेथे विनोदाचा विषय केवळ पोलीस नसतो. पंचनाम्याची भाषा आणि माणसांची भाषा यांच्यातील अंतर हा त्याचा खरा विषय असतो.

तोंडी सांगितला जाणारा किस्सा मात्र इतका व्यापक नसतो. त्याचा घाट ठरलेला असतो. प्रथम नियम सांगितला जातो, मग तो लागू करणारा माणूस येतो, मग नियम आणि वस्तुस्थिती यांतील विसंगती उघडी पडते, आणि शेवटी सांगणारा एका वाक्याने किंवा कृतीने अधिकाऱ्याला निरुत्तर करतो. किस्सा संपतो तेथे सांगणारा नेहमी जिंकलेला असतो. जे प्रसंग पराभवात संपले ते किस्से होत नाहीत, ते गप्प राहतात. या घाटाची ही पहिली मर्यादा होय. ज्या नाटकांच्या संहिता परिनिरीक्षणासाठी पाठवल्याच गेल्या नाहीत, ज्या प्रसंगांवर लेखकाने घरीच काट मारली, जी नाटके मनातच राहिली, त्यांचा किस्सा होऊ शकत नाही. निळ्या डागाची गोष्ट स्मरणात राहते ती अपवाद म्हणून, पण ऐकताना ती प्रातिनिधिक वाटते. अधिकाऱ्यांना असेच नमवले जात होते, असा तिचा ध्वनी असतो.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. किश्श्यातला अधिकारी मूर्ख असावाच लागतो, कारण तो मूर्ख नसेल तर हसता येत नाही. परंतु सत्ता साहित्याचे वाचन नेहमी मूर्खपणानेच करते, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

३

याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी रंगभूमीवरच आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथानक महाभारतातील विराटपर्वाचे. त्यात इंग्रजांचे नाव नाही, कर्झनचे नाही, जहाल-मवाळांचे नाही. वाच्यार्थापुरते पाहिले तर नाटकातील एकाही वाक्यावर बोट ठेवता येत नाही. तरीही कीचक म्हणजे कर्झन, अपमानित द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, संयमाचा उपदेश करणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ राजकारण आणि भीम म्हणजे जहाल मार्ग, हे समीकरण प्रेक्षकांना उमगत होते, आणि सरकारलाही उमगले. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली १९१० साली नाटकावर बंदी आली. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात या नाटकाची आणि त्याच्या परिणामाची दखल घेतली, ती एखाद्या जाणत्या प्रेक्षकाच्या बारकाईने. हा लेखक सत्तेच्या बाजूचा होता. त्याचा निष्कर्ष कुणाला मान्य होवो न होवो, त्याला नाटकातील व्यंग्यार्थ कळला नाही असे म्हणता येत नाही.

म्हणजे १९१० मधील सत्ता ‘कीचकवध’चा ध्वनी वाचत होती, तर १९७० मधील परिनिरीक्षणाने ‘गिधाडे’त रंग वाचला. पहिल्या वाचनात शब्द निर्दोष असूनही अर्थ धोकादायक ठरला. दुसऱ्या वाचनात अर्थ जसाच्या तसा राहू दिला तरी चालणार होते, फक्त त्याचे दृश्य चिन्ह बदलायला हवे होते. इतर आक्षेप बाजूला ठेवून डागापुरते पाहिले, तर या मागणीतील तर्क विलक्षण आहे. घरातील माणसे आपल्याच बहिणीला लाथा मारतात, हे प्रेक्षकांना कळले तर हरकत नाही. त्या लाथांचा पुरावा दिसता कामा नये. हिंसेला नव्हे, हिंसेच्या साक्षीला आक्षेप आहे. हा तर्क केवळ कार्यालयाचा नाही. पितळे कुटुंबाचाही तोच तर्क आहे, आणि ज्या मध्यमवर्गीय सभ्यतेवर ते नाटक आघात करते तिचाही तोच आहे. घरात काय घडते याला महत्त्व नाही, बाहेर डाग दिसू नये याला आहे. अशा रीतीने अधिकारी नकळत नाटकातील मूल्यव्यवस्थेचाच एक प्रवक्ता होतो. त्याला नाटक कळले नाही असे म्हणण्यापेक्षा, नाटकाने ज्यांना बोलते केले त्यांच्यापैकीच तो एक होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या दोन वाचनांमध्ये सत्तेच्या दृष्टीने अधिक भयावह पहिले, पण साहित्याच्या दृष्टीने अधिक चिवट दुसरे. ध्वनी ओळखणाऱ्या सत्तेला प्रत्येक वेळी अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावायचा म्हणजे वादाला जागा ठेवावी लागते. रंग, शब्द, वस्तू यांची यादी करणाऱ्या नियमाला अर्थ लावण्याची गरजच उरत नाही. तो कोणालाही राबवता येतो. क्षुद्र अधिकाऱ्याचे क्षुद्रत्व त्याच्या बुद्धीत नसते. ज्या कामात बुद्धी वापरण्याची मुभाच नाही अशा कामात ते असते.

४

निळ्या डागाचे अर्थदृष्ट्या काय होते, याचे विश्लेषण करण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील लक्षणेची संकल्पना उपयोगी पडते. मम्मटाने लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाला बाध येणे, दुसऱ्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असणे, आणि त्या अर्थाकडे जाण्यामागे रूढी अथवा प्रयोजन असणे. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले की प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून मुख्यार्थ अडतो, सामीप्यामुळे तट हा अर्थ घेतला जातो, आणि त्या ठिकाणचे पावित्र्य व शैत्य सूचित करणे हे वक्त्याचे प्रयोजन असते. हे प्रयोजन व्यंजनेनेच कळते, हा ध्वनिवाद्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे.

निळ्या डागाच्या बाबतीत पहिली अट पूर्ण होते, कारण रक्त निळे नसते. संबंधाची अट मात्र नेहमीच्या मार्गाने पूर्ण होत नाही. निळा आणि लाल यांच्यात ना सामीप्य आहे ना सादृश्य. हा संबंध प्रयोगापूर्वीच्या निवेदनाने, म्हणजे केवळ घोषणेने, निर्माण केलेला आहे. काव्यातील मुख्यार्थबाध कवीने हेतुपुरस्सर आणलेला असतो. येथे बाध नियमाने आणला आहे, आणि दिग्दर्शकाने तो लपवण्याऐवजी उघडपणे स्वीकारला आहे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. ज्याने रंग बदलायला लावले त्याचे प्रयोजन अर्थ झाकण्याचे होते, पण प्रेक्षकाला प्रतीत होणारे प्रयोजन वेगळेच आहे. निळा डाग पाहताना त्याला रक्ताचा बोध होतो, आणि त्याच क्षणी रक्त दाखवू न देणाऱ्याचाही बोध होतो. लाल डागाने एकच गोष्ट सांगितली असती. निळा डाग दोन सांगतो. माणिकवर झालेल्या हिंसेबरोबर त्या हिंसेवर पडदा टाकणारी संस्थाही रंगमंचावर उपस्थित होते, आणि तीही तिच्याच आज्ञेच्या रूपाने.

येथपर्यंत हकीकतीचा रूढ अर्थ खराच आहे. निषेध करणाऱ्याने स्वतःच्या निषेधाला वाचा मिळवून दिली, आणि अक्षराला अक्षराने उत्तर देऊन अर्थ अबाधित ठेवला गेला, किंबहुना तो समृद्ध झाला. परंतु समीक्षेने येथे थांबणे म्हणजे हिशेबाची जमा बाजू तेवढी वाचणे होय.

खर्चाची बाजू रसाच्या परिभाषेत मांडता येईल. मूळ संहितेत डागाचे कार्य बोधाचे नाही, आघाताचे आहे. प्रेक्षक तयार नसताना तो दिसायला हवा. जुगुप्सा आणि भय ही अशी प्रतिक्रिया आहे की जिच्यात विचाराला उसंत मिळत नाही. प्रयोगापूर्वी निवेदन झाले की डाग येणार हे आधीच कळते. प्रेक्षक त्याची वाट पाहू लागतो, आणि तो आला की त्याला ओळखतो. ओळखण्यात बौद्धिक समाधान आहे, थोडा विनोदही आहे, आणि हा विनोद नेमका बीभत्साच्या जागी येऊन बसतो. प्रेक्षक आणि नाटक यांच्यात एक खुणेचे नाते तयार होते : आपण शहाणे, तो मूर्ख. ज्या नाटकाला प्रेक्षकाला स्वतःपासून सुटू द्यायचे नव्हते, त्या नाटकात सुटकेची एक फट तयार होते. ‘गिधाडे’ पाहणाऱ्या माणसाने पितळ्यांच्या घरात स्वतःचे घर पाहायचे होते. निळा डाग पाहताना त्याला आपल्यापेक्षा वेगळा असा एक अपराधी, म्हणजे अधिकारी, आयता मिळतो.

म्हणून असे म्हणावे लागते की नियमाचा अर्थाच्या पातळीवर पराभव झाला, पण परिणामाच्या पातळीवर त्याने आपले काम काही अंशी करून घेतले. रक्ताची सूचना झाली, रक्त वाहिले नाही. यात दिग्दर्शकाकडे दोष जात नाही. प्रयोग होऊ देण्यासाठी त्याहून नेमका उपाय कदाचित नव्हताच. दोष त्या हकीकतीकडे जातो, जी या किमतीचा उल्लेखही न करता विजयाची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. रंगमंचावर काय दाखवू नये याचे नियम कलेला परके नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रानेही मृत्यू, युद्ध, राज्यभ्रंश, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकादी उपायांनी सूचित कराव्यात असे सांगितले आहे. ग्रीक शोकांतिकेतही हिंसा बहुधा पडद्याआड घडते आणि दूत ती सांगतो. मग डाग दिसू नये असे सांगणारा अधिकारी आणि मृत्यू दिसू नये असे सांगणारा शास्त्रकार यांत फरक कोणता?

फरक नियमाच्या आशयात नाही, त्याच्या उत्तरदायित्वात आहे. काव्यशास्त्रातील निषेध हा परिणामाच्या विचारातून आलेला असतो, आणि म्हणून परिणामाच्या आधारे त्याची चिकित्सा करता येते. नाटककार तो मोडू शकतो, आणि मोडून रसनिष्पत्ती साधली तर शास्त्रालाच आपली व्याप्ती वाढवावी लागते. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या नाटकात दुर्योधनाचा मृत्यू रंगमंचावर घडतो. त्यामुळे नियमाविषयी चर्चा झाली, नाटक अडले नाही. कार्यालयीन निषेधाला परिणामाशी कर्तव्य नसते. तो पाळला गेला की नाही एवढेच पाहिले जाते. त्यामुळे त्याच्याशी वाद करता येत नाही, त्याला फक्त वळसा घालता येतो. वळसा घालण्याच्या कौशल्याला जेव्हा कलेचे कौशल्य मानले जाऊ लागते, तेव्हा रंगभूमीच्या सर्जनशीलतेचा एक भाग नियमाच्या चाकरीत गेलेला असतो.

६

निरर्थक नियम राबवणाऱ्या माणसाचे सर्वांत मर्मग्राही चित्र चेखॉव्हने १८८५ साली लिहिलेल्या ‘उंतेर प्रिशिबेयेव’ या छोट्या कथेत आहे. प्रिशिबेयेव हा सैन्यातून निवृत्त झालेला कनिष्ठ अधिकारी. गावातील पोलीस, मुखिया व इतरांचा शब्दांनी आणि हातांनी अवमान केल्याच्या आरोपावरून तो न्यायाधीशासमोर उभा आहे. नदीकाठी एक बुडालेले प्रेत सापडले, लोक जमले, आणि याने त्यांना हुसकून लावायला सुरुवात केली. गाव सांगते की पंधरा वर्षे या माणसाने जगणे अशक्य केले आहे. तो घरोघर फिरून गाणी म्हणू नका, दिवे लावू नका असे बजावतो. संध्याकाळी दिवा लावून बसणाऱ्यांची यादी त्याच्या खिशात असते. न्यायाधीश त्याला एक महिन्याची कैद देतो. शिक्षा ऐकून बाहेर पडल्यावर समोर जमलेले लोक पाहताच त्याचा आवाज सवयीने चढतो आणि तो पुन्हा त्यांना पांगायला सांगतो.

या कथेचे मर्म एका साध्या वस्तुस्थितीत आहे : प्रिशिबेयेव आता अधिकारी नाही. त्याला कोणी नेमलेले नाही, त्याच्या नियमामागे कोणताही कायदा नाही, आणि ज्यांच्याकडे खरा अधिकार आहे असा पोलीसच त्याच्याविरुद्ध तक्रारदार आहे. नियम पद सोडून माणसात उतरला आहे. येथे चेखॉव्ह एक असा प्रश्न उभा करतो की जो अधिकाऱ्यांवरील नेहमीच्या उपहासात उद्भवत नाही. कार्यालय बंद केले, कायदा रद्द केला, माणसाला शिक्षा केली, तरी सवय उरते. आणि ती एकट्या प्रिशिबेयेवची नाही, कारण पंधरा वर्षे त्याचे ऐकणारे एक गावही होते.

या कथेचे स्वतःचे भाग्यही बोलके आहे. ज्या साप्ताहिकासाठी ती लिहिली गेली तेथे सेन्सॉरने तिला परवानगी नाकारली, आणि ती वेगळ्या शीर्षकाने एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. हा सेन्सॉर मंदबुद्धीचा असण्याची गरज नव्हती. एका विक्षिप्त म्हाताऱ्याच्या गोष्टीत पाळत ठेवणारी व्यवस्था दिसते, हे ओळखायला चांगला वाचकच लागतो. ‘कीचकवध’च्या वाचकांचे हे सगोत्र होत.

मराठी रंगभूमीच्या संदर्भात प्रिशिबेयेवची आठवण करून द्यावी लागते, कारण नियमाचे असे अंतर्गमन येथेही घडले आहे. संहिता पाठवण्यापूर्वी लेखकाने मनातल्या परिनिरीक्षकाला ती वाचून दाखवणे, निर्मात्याने अडेल त्या वाक्याचा आगाऊ पर्याय मागणे, प्रेक्षकांतील एखाद्या गटाने स्वतःच मंडळाची भूमिका वठवणे, या सर्व गोष्टींना कुणाची नेमणूक लागत नाही. समीक्षकही यातून मुक्त नाही. अमुक विषय नाटकात कशाला, असे विचारताना त्याच्याही खिशात दिवे लावणाऱ्यांची यादी असू शकते.

७

परिनिरीक्षणाशी संघर्ष होत असतानाच्या काळात तेंडुलकरांनी जे नाटक लिहिले त्याच्या केंद्रस्थानी परवाने मागणारा अधिकारी असावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम प्रयोग झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कोतवालीची सूत्रे हाती येताच घाशीराम शहरभर परवान्याचे राज्य सुरू करतो. रात्री घराबाहेर पडणाऱ्याला परवाना विचारला जातो, घरात झोपलेल्या जोडप्याला आपले नाते सिद्ध करावे लागते, आणि जे मुळातच निषिद्ध त्या गोष्टींच्या संदर्भातही परवानगीची भाषा वापरली जाते. या शेवटच्या तपशिलातला विनोद भेदक आहे. गुन्ह्यासाठी परवानगी लागते असे म्हटले की गुन्हा गुन्हा म्हणून उरत नाही, परवानगीवाचून केलेली कृती एवढाच तो उरतो. नीतीच्या जागी नोंदवही येते.

परंतु ‘घाशीराम’चे खरे प्रतिपादन याही पुढे जाते. कनोजहून आलेल्या, चोरीचा आळ घेऊन अपमानित केलेल्या या ब्राह्मणाला कोतवाल करतो तो नाना. त्या बदल्यात तो घाशीरामची मुलगी घेतो. कोतवालाचा जाच शहर सहन करते, त्याचा द्वेषही करते, आणि शेवटी जमाव त्याला दगडांनी ठेचतो. त्या हत्येच्या हुकमावर सही नानाचीच असते, आणि ती झाल्यावर उत्सव साजरा करायला सांगणाराही नानाच असतो. छोट्या अधिकाऱ्यावर राग काढून शहर मोकळे होते. ज्याने त्याला निर्माण केले तो सुरक्षित राहतो.

निळ्या डागाच्या हकीकतीला हाच निकष लावला तर तिचा अखेरचा दोष दिसतो. किश्श्यातले हसू हा एक अहिंसक दगड आहे. तो रंग पाहून हरकत घेणाऱ्या माणसावर पडतो. ज्या रचनेने त्या माणसाला रंग पाहण्यासाठी बसवले, ती त्या हसण्याच्या टप्प्यात येत नाही. लोकांचा संताप हास्यात विरतो, आणि व्यवस्थेला त्याची झळ पोचत नाही. क्षुद्र अधिकारी हा या अर्थाने व्यवस्थेचा ढाल म्हणूनही उपयोगी असतो.

८

याच काळात दुसरा मार्गही चोखाळला गेला. तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ला १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाने अडवले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निर्णय नाटकाच्या बाजूने लागला. येथे आज्ञा पाळून तिची थट्टा करण्यात आली नाही. आज्ञा देण्याचा अधिकारच तपासला गेला. सारंगांनी पुढे या सगळ्या काळाविषयी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘बाइंडरचे दिवस’ असे आहे, आणि या शीर्षकात एक वाङ्मयीन भेद दडलेला आहे. किस्सा एका मिनिटात सांगून होतो. ‘दिवस’ मोजावे लागतात. त्यांत वकील असतात, तारखा असतात, थांबलेले प्रयोग असतात, नटांची धास्ती असते, पैशाची विवंचना असते. किश्श्यात नियमाची निरर्थकता कळते, दिवसांत त्याची किंमत कळते. मराठी समीक्षेने परिनिरीक्षणाचा इतिहास बहुतांशी पहिल्या पद्धतीने स्मरणात ठेवला. दुसऱ्या पद्धतीचे दस्तऐवज नाट्यव्यवहाराची सामग्री म्हणून बाजूला राहिले, साहित्यविचाराचा विषय झाले नाहीत.

हे दोन मार्ग परस्परांचे शत्रू नाहीत. उपरोध आणि न्यायालय दोन्हींची गरज असते. पण त्यांची कार्ये निराळी आहेत, हे विसरता येत नाही. उपरोध त्या रात्रीचा प्रयोग वाचवतो. पुढच्या नाटकाची वाट तो मोकळी करत नाही.

पुढच्या घटनांनी याला पुष्टीच दिली. ‘कीचकवध’वर ज्याचा आधार घेऊन बंदी आली तो १८७६ चा कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ साली घटनाबाह्य ठरवला, तरी तो केंद्रीय कायद्यांच्या यादीतून हटवला गेला तो थेट २०१८ साली. महाराष्ट्रातील पूर्वपरिनिरीक्षणाची पद्धत मात्र त्या कायद्यावर अवलंबून नव्हती. ती १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालील नियमांवर उभी राहिली. तिलाच अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. निळ्या डागावर सेहेचाळीस वर्षे हसून झाल्यानंतर हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारावा लागला, यातच त्या हसण्याची मर्यादा स्पष्ट होते.

९

साहित्यविचाराच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष असा की अधिकाऱ्याने केलेले वाचन हे वाचनाच्या इतिहासाबाहेर ठेवता येत नाही. वाचककेंद्री समीक्षेने आदर्श वाचकाची, जाणकार वाचकाची, प्रतिरोधी वाचकाची चर्चा केली. ज्याच्या सहीशिवाय संहिता इतरांपर्यंत पोचतच नाही अशा वाचकाकडे तिने तुलनेने कमी लक्ष दिले. वास्तविक प्रयोगाच्या अनुभवावर त्याच्या वाचनाचा ठसा इतर कुणाहीपेक्षा खोल उमटलेला असतो. छापील पुस्तकात डाग लालच राहतो, आणि रंगमंचावर तो निळा दिसलेला असतो. ‘गिधाडे’चा अभ्यासक पुस्तक वाचतो तेव्हा त्याला लाल डाग मिळतो, आणि १९७० मधील प्रयोगाचा खरा पाठ त्याच्या हातून निसटतो. प्रयोगाच्या संहितेत दिग्दर्शक, नट, प्रेक्षक यांच्याबरोबर त्या निनावी सहीचेही स्थान आहे. ते मान्य केल्याशिवाय नाट्यसमीक्षा ज्या वस्तूविषयी बोलते ती वस्तू पूर्ण होत नाही.

त्या डागात माणिकचे रक्त आहे, ते झाकू पाहणारा नियम आहे, नियमाला उघडे पाडणारी बुद्धी आहे, आणि त्या बुद्धीला द्यावी लागलेली किंमतही आहे. हकीकत सांगणाऱ्याला यांतली तिसरी गोष्ट पुरते. समीक्षेला चारही वाचाव्या लागतात.